ऑर्विलची भरपाई

वॉल्टर प्रिबिलने आयुष्यात लबाडी अशी एकदाच केली, आणि तीही छापील फॉर्मवर, निळ्या शाईत, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. लबाडी करताना निदान कागद मागे ठेवू नये, एवढं कुणालाही कळतं. पण वॉल्टरची सारी हयात विमा कंपनीत गेली होती. कागदाशिवाय त्याच्या हातून काही होतच नसे.

त्याचं काम ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान ठरवण्याचं. गाडीभोवती एक फेरी मारायची, पोचा आलेल्या जागी बोटाने टकटक करायची आणि फॉर्मवर लिहायचं, 'दुरुस्ती शक्य' किंवा 'दुरुस्ती परवडणारी नाही'. सत्तावीस वर्षं हे केल्यावर नजरच तशी होते. चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिला की पुढच्या रांगेतल्या लोकांच्या पाठी बघून तो मनातल्या मनात शेरे मारी. बायकोच्या, म्हणजे मार्सेलाच्या, वाढदिवसाला त्याने एकदा मोठ्या कौतुकाने म्हटलं होतं, "वयाच्या मानाने तुझी स्थिती उत्तम आहे." मार्सेलाने दोन दिवस अबोला धरला. आपलं काय चुकलं ते त्याला अजून कळलेलं नाही.

तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पंधरा नावांची यादी घेऊन बसला होता. यादी वीटभट्टी संघाची. हॅडली बेंडची वीटभट्टी बंद पडून चाळीस वर्षं झाली, पण गावच्या बेसबॉल संघाला नाव तेच राहिलं. वॉल्टर या संघाचा मॅनेजर, आणि शिवाय दुसऱ्या बेसवर उभा राहणारा खेळाडू. त्याच्या खेळाचं वर्णन 'उभा राहणारा' या शब्दांतच करावं लागे.

खेळणाऱ्यांबरोबर लीगचंही वय वाढत गेलं होतं, आणि गेली पाच वर्षं ही लीग पन्नाशी उलटलेल्यांची. सहा गावं, सहा संघ. आता कुणाला वाटेल, रविवारी चार म्हातारे जमत असतील, दोन चेंडू फेकत असतील आणि पाठ धरून घरी जात असतील. तसं वाटणाऱ्याने मिस आयरीन कोव्हॅक यांना पाहिलेलं नाही. मिस कोव्हॅक लीगच्या आयुक्त. वाहन परवान्याच्या खिडकीमागे त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये नियम आहेत पण शिस्त नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. म्हणून त्यांनी स्वतः एकसष्ट पानांची नियमावली टाइप केली. खेळाडूंची अदलाबदल, नव्यांची निवड, गेलेल्याची भरपाई, सगळं तीत होतं. निवड व्हायची ती त्या वर्षी पन्नास पूर्ण करणाऱ्यांची. त्यांना लीगमध्ये 'पोरं' म्हणत.

त्या वर्षीच्या पोरांत एक डेल हस्किन होता. धंद्याने प्लंबर, पण विशीत तीन वर्षं पैसे घेऊन बेसबॉल खेळलेला. फेब्रुवारीत त्याला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. साऱ्या तालुक्याचं त्याच्या वाढदिवसाकडे जेवढं लक्ष होतं, तेवढं त्याच्या आईचंही पहिल्या वाढदिवसाला नसेल. मात्र निवडीचा पहिला नंबर शेवटून पहिल्या आलेल्या संघाचा, आणि वीटभट्टी संघ बिचारा दुसरा आला होता. चांगलं खेळण्याची ही शिक्षा वॉल्टरला मनापासून बोचत होती.

तो एकेका नावापुढे शेरे लिहीत गेला. नववं नाव ऑर्विल मॅककीनचं, संघाच्या पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं.

"वय अडुसष्ट," वॉल्टर लिहिता लिहिता पुटपुटला. "उजवा गुडघा, बदललेला. डावा, बदलण्याजोगा. खांदा, आवाज येतो. चेंडूचा वेग, आहे."

"कुणाची गाडी रे?" ओट्यापाशी बटाटे सोलत मार्सेलाने विचारलं.

"ऑर्विल."

मार्सेलाने सुरी खाली ठेवली. "शेजारच्या माणसाला बोटाने टकटक करायला जाऊ नकोस म्हणजे झालं."

पंधरावं नाव वॉल्टरचं स्वतःचं. त्यापुढे त्याने काहीच लिहिलं नाही. आपल्या गाडीचं मूल्यमापन आपण करायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. हा नियम पुढे त्याला भलताच महागात पडणार होता.

दुसऱ्या दिवशी वॉल्टर अंगणातली पानं गोळा करत असताना हर्ब लुडविग आपलं दाताळं घेऊन कुंपणाशी आला. हर्ब समोर राहायचा, उन्हाळ्यात लीगच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभा राहायचा, आणि उरलेले आठ महिने रेडिओवर बेसबॉलच्या चर्चा ऐकून मिळालेलं ज्ञान वाटत फिरायचा. सल्ला देताना तो दाताळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकी. तशी टेकलेली दिसली की शहाणी माणसं घरात जात. वॉल्टर बाहेरच थांबला.

"ऑर्विल केटल क्रीकला चाललाय, ऐकलंस ना?" हर्ब म्हणाला. "त्याची मुलगी तिथं राहते. त्यांनी त्याचा शर्टसुद्धा शिवून ठेवलाय."

"ऐकलं."

"तो नुसता गेला तर तुझ्या हाती काय? भोपळा. पण तू त्याला मानाचं पत्र दिलंस, की 'बाबा रे, राहा, पुढचं वर्षभर पहिला पिचर तूच', आणि ते नाकारून तो गेला, तर नियम एकोणीस! पहिल्या फेरीच्या शेपटाला तुला भरपाईची एक जादा निवड. ती आणि तुझी स्वतःची पहिली, दोन्ही बर्निसच्या पदरात टाक आणि तिचा पहिला नंबर उचल. डेल हस्किन खिशात!"

"आणि ऑर्विलने नाकारलंच नाही तर?"

हर्बने त्याच्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की वॉल्टरला आपण तो प्रश्न विचारल्याची शरम वाटली. खरं म्हणजे शरम वाटण्याचा मुहूर्त पुढे होता. ती त्याने उगाच तिथे खर्च केली.

बर्निस डॉब्स न्याहारीचं हॉटेल चालवी आणि सहाव्या आलेल्या संघाची ती मॅनेजर होती. तिने एका हातात कॉफीचं भांडं धरूनच सगळं ऐकून घेतलं. "मला एक हिरा नको, दोन दगड दे," ती म्हणाली. "माझ्याकडे नऊ जण एकाच दिवशी चालत आले की मी देवाचे आभार मानते." अदलाबदलीचा फॉर्म गल्ल्याशेजारीच होता. वॉल्टरने तिथल्या तिथे भरला. हर्ब आणि एक अंडी खाणारा अनोळखी गृहस्थ साक्षीला होते. शेवटी एक रकाना आला, 'अदलाबदलीचे कारण'. मागे लोक पैसे द्यायला ताटकळले होते, घाई होती, आणि सत्तावीस वर्षांची सवय हातात होती. वॉल्टरने जे लिहायचं ते लिहिलं, तारीख घातली आठ नोव्हेंबर, आणि फॉर्म मिस कोव्हॅक यांच्या पेटीत टाकून आला. मिळायच्या आधीच विकलेली ती निवड आता ऑर्विलच्या नकारावर टांगलेली होती.

मानाच्या पत्राचे नियम कडक होते. ते मॅनेजरच्या हस्ताक्षरात हवं, त्यात खेळाडूच्या सेवेचे किमान तीन प्रत्यक्ष प्रसंग हवेत, त्यावर नोटरीचा शिक्का हवा, आणि ते स्वतः नेऊन द्यायला हवं. वॉल्टरने पहिला मसुदा चार ओळींत उरकला, 'आपली सेवा समाधानकारक असून आपणांस ठेवून घेण्यास हरकत नाही.' मार्सेलाने तो वाचला आणि बटाट्याच्या सालांबरोबर टाकून दिला. हर्बचंही म्हणणं तेच पडलं. "लोणी सैल हाताने लाव. त्याला संशय आला तर सगळं मुसळ केरात."

मग वॉल्टर प्रसंग आठवायला बसला, आणि तीन आठवावेत तर तेरा आठवू लागले. अंगात ताप असताना ऑर्विलने अकरा डाव फेकून काढले होते, तो सामना. वॉल्टरच्या हातून लहान मुलानेही धरला असता असा झेल सुटून अंतिम सामना गेला, तेव्हा ऑर्विल सगळ्यांना सांगत सुटला होता की त्याच्या डोळ्यांवर ऊन आलं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. आणि बावीस वर्षांपूर्वी, गावात कुणी ओळखीचं नसताना, कुंपणावरून हात घालून एक जुना ग्लोव्ह पुढे करत हा माणूस म्हणाला होता, "दुसरा बेस रिकामा आहे. येतोस?" वॉल्टरने हे सगळं लिहिलं. तीन पानं झाली. मार्सेलाने वाचून पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला.

"सव्वीस वर्षांत मला असं एक वाक्य लिहिलं नाहीस."

वॉल्टरला अभिमान वाटला. लबाडीतसुद्धा आपलं काम चोख असतं याचा.

बँकेत नोटरीच्या टेबलामागे एक तरुण बाई होती. तिने फक्त सही बघून शिक्का मारायचा, पण ती पत्रच वाचत बसली. मग नाक पुसत तिने शेजारच्या खिडकीवाल्या बाईला वाचायला दिलं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "मोठ्याने वाचा की." तिने वाचलं. वॉल्टर आपली टोपी दोन्ही हातांनी पिळत उभा राहिला. शिक्क्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

चौदा तारखेला तो पत्र घेऊन ऑर्विलच्या ओसरीवर गेला. ऑर्विल खुर्चीत गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसला होता. त्याने पाकीट उलटसुलट केलं.

"चष्मा आत आहे आणि हा गुडघा आता उठू देणार नाही. तूच वाच."

"मी?"

"मग काय, पोस्टमन बोलावू?"

वॉल्टरने वाचलं. स्वतःच्या तोंडाने, तीन पानं. ऊन आल्याच्या प्रसंगाशी ऑर्विल खाली बघत होता. पत्र संपल्यावर त्याने गरम पाण्याची पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली, आणि वॉल्टरला आशा वाटली की नकार कसा द्यावा या संकोचात म्हातारा असेल.

"मी केटल क्रीकच्या क्लेटनला होकार कळवला होता," ऑर्विल म्हणाला.

"साहजिक आहे," वॉल्टर घाईघाईने म्हणाला. "आम्ही समजू शकतो. मुलगी जवळ. तुम्ही मुळीच भीड बाळगू नका, ऑर्विल."

"आता फोन करून नाही म्हणून सांगतो."

"अहो, विचार करायला दहा दिवस आहेत! नियमच आहे तसा. दहाच्या दहा घ्या."

"कशाला? मुलगी वीस मिनिटांवर राहते, चंद्रावर नाही गेली." ऑर्विलने पत्र हातात घेतलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं. "छत्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी, वॉल्ट. निरोपाला एक घड्याळ दिलं, ते आठवडाभरात बंद पडलं. मी कसा आहे, हे कुणी कधी कागदावर लिहून दिलं नव्हतं. कुठं सही करू?"

वॉल्टरने पेन दिलं. आयुष्यात प्रथमच त्याला पेन द्यावंसं वाटत नव्हतं. घरी परत येताना पन्नास पावलांच्या त्या वाटेवर त्याला इतकी लाज वाटली, की तो आपल्या दारावरून सरळ पुढे गेला आणि गावाला वळसा घालून आला.

आता खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? मार्सेला रोज तेच म्हणे. "जा आणि सांग त्याला. जेवण निवतंय तोवर सांगून ये." वॉल्टर रोज निघे. पण ऑर्विल आता घरी सापडेना. तो पत्र घेऊन गावभर हिंडत होता. हार्डवेअरच्या दुकानात, न्हाव्याकडे, दंतवैद्याच्या बाकावर. लोक वॉल्टरला रस्त्यात थांबवून हात हातात घेऊ लागले. पाद्रीबाबांनी प्रवचनात 'आपल्यातला एक बंधू, ज्याने वेळेवर चांगला शब्द लिहिला' असा दाखला दिला, आणि सगळं चर्च त्याच्याकडे वळून बघू लागलं तेव्हा वॉल्टर प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घालून बसला. संघातले बाकीचेही कुरकुरायला लागले. ऑर्विलचे चेंडू तीस वर्षं पाठ वाकवून झेलणारा जाडा बेकरीवाला तर दारातच येऊन म्हणाला, "आम्ही काय फक्त वाकलो?" वॉल्टरला आणखी सहा पत्रं लिहावी लागली. ती सगळी खरी होती, पण आता त्याला स्वतःच्या अक्षराचीच किळस येत होती.

दुसरीकडे बर्निसला कबूल केलेली निवड अस्तित्वातच नव्हती. वॉल्टर केटल क्रीकला क्लेटन व्हिटमरकडे गेला. क्लेटन तिथला मॅनेजर, आणि त्याचा व्यवसाय अंत्यविधींचा. तो फार हळू बोले. वॉल्टरने आडून आडून सुचवलं, की त्याने ऑर्विलला आणखी थोडा आग्रह केला तर बरं होईल.

"ते पत्र त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं, मिस्टर प्रिबिल," क्लेटन म्हणाला. "तशी भाषणं मी आठवड्याला तीन ऐकतो. पण ज्याच्याबद्दल असतात त्याला ती ऐकू येत नाहीत. या माणसाला आली. मी मध्ये पडणार नाही." आणि त्याने वॉल्टरला दारापर्यंत अशा काही अदबीने पोचवलं, की घरचंच कुणी गेलंय असं वाटावं.

उरला तो फॉर्म. तो तरी मागे घ्यावा म्हणून वॉल्टर केक घेऊन मिस कोव्हॅक यांच्याकडे गेला. त्यांनी केक ठेवून घेतला आणि त्याची पोच दिली.

"दिलेला फॉर्म मागे घ्यायचा तर फॉर्म सात," त्या म्हणाल्या.

"द्या फॉर्म सात."

"फॉर्म सात हिवाळी सभेत मूळ फॉर्मसह मोठ्याने वाचला जातो."

"आणि मागे घेतलाच नाही तर?"

"तर हिवाळी सभेत मूळ फॉर्म मोठ्याने वाचला जातो. शिवाय तुम्ही जी वस्तू विकली ती तुमच्यापाशी नाही. नियम एकतीस. त्या निवडीच्या बदल्यात बर्निस डॉब्स तुमचा एक खेळाडू उचलतील. तुम्ही दहा नावांची राखीव यादी द्यायची, ती सोडून कुठलाही. मानाचं पत्र स्वीकारलेल्याचं नाव राखीव यादीत आपोआप येतं." मग म्हणाल्या, "केक थोडा कोरडा झालाय."

वॉल्टरने राखीव यादी केली. पहिलं नाव ऑर्विल, पुढे नऊ. गाळलेले मोजले तर पाच हवे होते आणि चारच भरत होते. दोनदा मोजले, तरी चार. विमा कंपनीतल्या माणसाचा हिशेब चुकतो म्हणजे मनावर किती ओझं असेल! शेवटी त्याने खाली 'मॅनेजर' या शब्दापुढे वळणदार सही केली आणि यादी धाडून दिली.

हिवाळी सभा जानेवारीत, अग्निशमन दलाच्या सभागृहात, शनिवारी दुपारी दोनला भरली. निम्मा तालुका आला होता. पहिल्या रांगेत ऑर्विल, इस्त्रीच्या शर्टात, आणि खिशातून ते पत्र डोकावत होतं. ते क्लेटनला प्रत्यक्ष दाखवणार होता म्हणे. वॉल्टर सकाळी सातला त्याला सगळं सांगायला गेला होता, अगदी बेलवर बोट ठेवलं होतं. आतून ऑर्विलच्या शिट्टीचा आवाज आला आणि त्याने बोट काढून घेतलं.

मिस कोव्हॅक यांनी खाकरून वाचायला घेतलं. "अदलाबदल क्रमांक चार. दिनांक आठ नोव्हेंबर. वीटभट्टी संघ आपली पहिली निवड, तसेच ऑर्विल मॅककीन सोडून गेल्याबद्दल मिळणारी भरपाईची निवड, बर्निस डॉब्स यांना देत आहे."

"आठ?" मागून कुणीतरी म्हणालं. "पत्र तर चौदाचं होतं ना?"

पत्राची तारीख गावात सगळ्यांना पाठ होती.

"अदलाबदलीचे कारण," मिस कोव्हॅक यांनी सरकारी सुरात पुढचा रकाना वाचला. "पिचर निकामी. दुरुस्ती परवडणारी नाही."

वॉल्टरला आपले कान गरम झालेले नुसते जाणवतच नव्हते, ते दिसतही असावेत असं वाटलं. त्याने ऑर्विलकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. ऑर्विलने खिशातलं पत्र अलगद खाली दाबलं, दिसणार नाही असं. एवढंच केलं त्याने. ओरडला असता, खुर्ची फेकली असती, तर वॉल्टरला किती बरं झालं असतं.

"बर्निस डॉब्स," मिस कोव्हॅक म्हणाल्या, "राखीव यादीबाहेरचं नाव सांगा."

बर्निसने यादीवर बोट फिरवलं. वर गेली, खाली आली. "वॉल्टर प्रिबिल."

"मी?" वॉल्टर उभाच राहिला. "मी मॅनेजर आहे! खाली माझी सही आहे!"

"सही म्हणजे नोंद नव्हे. नियम बत्तीस," मिस कोव्हॅक म्हणाल्या. "मॅनेजर तुम्ही आत्तापर्यंत होतात. डॉब्स, कारण?"

"खेळायला नकोच आहे तो," बर्निस म्हणाली. "पण माझी माणसं दरवर्षी सोडून जातात. ज्याच्या हातून अशी पत्रं उतरतात, तो माणूस मला हवाच."

सभागृह जे हसलं ते हसलं. अग्निशमन दलाचा कुत्रा भुंकायला लागला. त्या हशात वॉल्टर खाली बसला आणि त्याच्या ध्यानात आलं, की व्यवहार तंतोतंत पुरा झालाय. पहिला नंबर वीटभट्टी संघाला मिळाला, डेल हस्किन येणार, आणि त्याची किंमत म्हणून आपण स्वतः गेलो. वर बघितलं तेव्हा पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

त्यानंतर दोन आठवडे बर्फ पडला. एरवी ऑर्विल आपल्या दारापुढचा बर्फ ओढायला लागला की वॉल्टरचाही ओढून टाकी. आता तो बरोबर हद्दीपर्यंत ओढायचा आणि थांबायचा. फूटपट्टीने आखावी अशी सरळ रेघ. वॉल्टर पडद्याआडून ती रेघ बघत बसे. पंधरा दिवसांत त्याने कुठल्याच गाडीवर 'परवडणारी नाही' असा शेरा मारला नाही, साहेबांनी त्याबद्दल विचारणाही केली. संघाने ऑर्विललाच मॅनेजर केलं, हे त्याला हर्बकडून कळलं. हर्बचा स्वतःचा या प्रकरणाशी काही संबंध होता, असं हर्बच्या मुळीच लक्षात नव्हतं.

शेवटी मार्सेलाने त्याच्या हातात फावडं दिलं आणि दार लावून घेतलं. वॉल्टरने आपलं अंगण सोडून ऑर्विलचं अंगण साफ केलं, ओसरीच्या पायऱ्यांपर्यंत. मग पायऱ्या चढला. ऑर्विल दारात उभा होता.

"मला लाज वाटते, ऑर्विल," वॉल्टर म्हणाला. "दुसरं काही सांगायला नाही."

"पत्रातलं सगळं खोटं होतं?"

"नाही. लिहिण्याचं कारण खोटं होतं. आतलं सगळं खरं आहे. लिहायला बसेपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं."

ऑर्विलने त्याला नखशिखांत न्याहाळलं. गाडीभोवती वॉल्टर फिरे तसं. मग आत गेला आणि पत्र घेऊन आला. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

"वाच. मागच्या वेळी मी जावं म्हणून वाचलं होतंस. आता तसं वाचू नकोस."

थंडीत उभ्यानेच वॉल्टर वाचू लागला. तापातले अकरा डाव झाले. 'मी झेल सोडला आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की माझ्या डोळ्यांवर ऊन आलं,' इथवर आला, आणि पुढची ओळ त्याला दिसेना. त्या दिवशी आभाळ होतं, एवढंच वाक्य होतं ते. तीनदा प्रयत्न केला. छप्पन्न वर्षांचा माणूस, नोटरीचा शिक्का असलेला कागद हातात धरून, हुंदके देत उभा राहिला. ऑर्विलने कागद काढून घेतला.

"बास. पोचलं."

वॉल्टर नाक पुसत पायऱ्या उतरू लागला.

"वॉल्ट," मागून ऑर्विल म्हणाला, "एप्रिलमध्ये तू बर्निसकडून खेळशील. पहिला चेंडू तुझ्या बरगडीत. आत्ताच सांगून ठेवतो."

"चालेल."

"चालेल काय विचारत नाहीये मी तुला. भरपाई आहे ती."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी वॉल्टर दुसऱ्याचा शर्ट अंगात घालून, आपल्याच मैदानावर पाहुणा म्हणून, बॅट घेऊन उभा राहिला. दुसऱ्या बेसवर, त्याच्या बावीस वर्षांच्या जागेवर, डेल हस्किन मांजरासारखा दबा धरून होता. काय उभा होता पठ्ठ्या! आपण योग्य माणूस निवडला होता, हे वॉल्टरला तेवढ्यातही कबूल करावं लागलं. मध्ये ऑर्विल. मागे अंपायर हर्ब.

ऑर्विलने हात फिरवला. खांद्याचा आवाज मैदानभर ऐकू गेला. चेंडू निघाला, आणि ऑर्विलचा चेंडू निघाला की तो येईपर्यंत माणूस चष्मा पुसून परत घालू शकतो. वॉल्टरला तो सगळ्या वाटेभर दिसत होता. बाजूला व्हायला सवड होती, बाजूला होऊन बर्निसशी दोन शब्द बोलायलाही सवड होती. वॉल्टरने कोपर तेवढं वर उचललं, बरगडी मोकळी केली आणि उभा राहिला. उभं राहणं त्याला पहिल्यापासूनच चांगलं जमे.

धप्प आवाज झाला. वॉल्टर वाकला. बर्निसकडचे लोक ओरडले, "पहिला बेस! चेंडू लागला, बेस द्या!"

"बेस नाही," हर्ब म्हणाला. "हटायचा प्रयत्न केला नाही. नियम आहे. परत उभा राहा, वॉल्ट. नुसता एक चेंडू मोजला जाईल."

"अन्याय आहे!" बर्निस ओरडली. "त्याला लागलंय! काहीतरी द्या त्याला!"

"बरोबर आहे त्याचं," वॉल्टर म्हणाला, आणि परत उभा राहिला. भरपाईच्या धंद्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाने एकही फॉर्म मागितला नाही.

ऑर्विलने पुढच्या तीन चेंडूंत त्याला बाद केलं. तिन्ही वेळा वॉल्टरने बॅट फिरवली, तिन्ही वेळा चेंडू पोचायच्या खूप आधी. डाव संपल्यावर दोघे मैदानाच्या कडेला समोरासमोर आले. ऑर्विल थांबला, आणि दुखऱ्या बरगडीवर त्याने बोटाने टकटक केली.

"काय म्हणतो तुझा फॉर्म?"

वॉल्टर कळवळला. "दुरुस्ती शक्य."

"बघतो," ऑर्विल म्हणाला. "खर्च किती येतो ते आधी बघतो," आणि गुडघा सांभाळत आपल्या माणसांकडे गेला.